गोजराबाईची अंजिराची पोळी

फार फार वर्षांपूर्वी, डोंगराच्या उतारावर उंबरटेक नावाचं गाव होतं, तेव्हाची ही गोष्ट. गावाच्या खालच्या आळीत गोजराबाई माळीण राहायची. नवरा गेलेला, पदरी तीन अंजिराची झाडं आणि कांद्याचे चार वाफे. तडकलेली अंजिरं लोक कावळ्यांना टाकायचे. गोजराबाई ती वेचून आणायची, माळवदावर वाळवायची आणि दोऱ्यात ओवून ठेवायची. वर्षभर तिच्या घरात गूळ म्हणून नसायचा. खीर असो, लाडू असो, गोडी अंजिराची, मनुकांची नाहीतर खारकेची. बाया हसायच्या. ती म्हणायची, "गूळ नुसता जिभेला गोड. हे पोटालाही गोड."

त्या गावचे पाटील हैबतराव. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचा सगळा स्वभाव पोटावर होता. आणि एका चैत्रात त्यांचं पोट अडलं.

पहिल्या दिवशी पाटलांनी न्हाव्याचा वस्तरा जप्त केला. दुसऱ्या दिवशी देवळातली घंटा उतरवली. तिसऱ्या दिवशी कुत्र्यांनी भुंकू नये अशी दवंडी पिटवली, आणि कुत्री खरंच गप्प बसली, असं म्हणतात. चौथ्या दिवशी घरामागून वाहणाऱ्या पाटाची खळखळ त्यांच्या कानी आली. "साऱ्या जगाचं मोकळं वाहतंय, माझंच तेवढं अडलंय," असं म्हणून त्यांनी पाटाचं दार बंद करवलं. खालच्या आळीचं पाणी तुटलं.

वैद्यबुवा एरंडेल घेऊन आले. पाटील म्हणाले, "पाटील औषध देतो, घेत नाही." बुवा आल्या पावली परत गेले.

आठव्या दिवशी गोजराबाईचे कांदे माना टाकून पडले. अंजिराची पानं गळायला लागली. उद्या चावडीवर पाण्याचा कायमचा निवाडा व्हायचा होता, आणि असल्या पोटाचा निवाडा काय असणार ते लहान पोरांनाही कळत होतं. गोजराबाईनं झाडांकडे पाहिलं, डोळे पुसले आणि पाटा-वरवंटा धुवायला घेतला.

तिनं अंजिरं भिजत घातली, मनुका आणि खारका घातल्या, सगळं मऊ वाटून पुरण केलं. गहू जाडसर दळला, पीठ चाळलं नाही, कोंडा तसाच ठेवला. मग तुपावर खरपूस पोळ्या भाजल्या. त्या वासानं वेशीवरचे बैल चालायचे थांबले, असं म्हणतात.

संध्याकाळी ती टोपली घेऊन पाटलांच्या मागच्या दारी गेली. पाटलीणबाई आठ दिवसांच्या त्रासानं अर्ध्या झाल्या होत्या.

"औषध आहे का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"छे हो. पोळ्या आहेत. फक्त दोनच वाढा, आणि वर गरम पाणी द्या."

पण आतून पाटलांना वास आला होता. त्यांनी टोपलीच ओढून घेतली. दोन खाल्ल्या, चार खाल्ल्या, अकरा खाल्ल्या. पाटलीणबाईंनी खिडकीतून, बाहेर थांबलेल्या गोजराबाईला अकरा बोटं कशी दाखवावीत ते न कळून दोन्ही हात दोनदा हलवले. गोजराबाईला वाटलं, वीस. ती घरी जाऊन देवापुढे बसली. पाटलांना काही झालं तर गाव आपल्याला जिवंत ठेवणार नाही, या भीतीनं तिला घास गेला नाही.

सकाळी चावडी भरली. पाटील तक्क्याला टेकून बसले. "खालच्या आळीचं पाणी," ते म्हणाले आणि थांबले. चेहरा बदलला. कुठूनतरी गडगडाट ऐकू आला. आभाळ निरभ्र होतं.

पाटील उठले. दाराशी गर्दी होती. "सोडा!" ते वाट अडवणाऱ्यांना ओरडले. मग गड्याकडे तांब्यासाठी हात पसरून म्हणाले, "पाणी!" आणि धोतर सावरत ओढ्याच्या दिशेनं असे सुटले, की त्यांचा घोडाही मागे पडला, असं म्हणतात.

पाटाचं दार उघडणारा-लावणारा पाटकरी कोपऱ्यात बसला होता. त्याच्या कानांवर दोनच शब्द पडले होते. सोडा, पाणी. त्यानं जाऊन पाटाचं दार उघडलं.

तासाभरानं पाटील परतले. त्यांनी ओढ्याकाठी सोडलेला सुस्कारा सात गावांनी ऐकला होता. अंग इतकं हलकं झालं होतं की वाऱ्यानं उडू नयेत म्हणून दोघांनी त्यांना धरून आणलं. वाटेत पाटाकाठी गोजराबाईसकट सारं गाव जमलं होतं, तिथं त्यांनी पाट पाहिला. भरून वाहत होता.

"कोणी सोडलं?"

पाटकरी हात जोडून म्हणाला, "तुम्हीच म्हणालात, पाटील."

गोजराबाईनं डोळे मिटून घेतले. पाटील पाण्याकडे बघून खदाखदा हसले. "जे मोकळं झालं ते झालं," ते म्हणाले. "अडवण्यात काय हाल असतात ते मला विचारा." वस्तरा परत गेला, घंटा चढली, आणि पाणी पुन्हा कधी बंद झालं नाही.

गोजराबाईला जाऊन किती पिढ्या झाल्या कुणाला ठाऊक नाही. पण आजही उंबरटेकमध्ये गावसभेच्या आदल्या संध्याकाळी घरोघरी अंजिराची पोळी होते. तिला गोजराबाईची पोळी म्हणतात. आणि सभेत एखादा फारच तणतणायला लागला, की मागून एखादी म्हातारी शांतपणे विचारते, "काल याला पोळी कुणी वाढली नाही का गं?"