पुजलेली नळी

नदीकाठच्या एका गावात साखरा तपासणारी प्रयोगशाळा होती, आणि तिथं रंगराव नावाचे थोरले रसायनतज्ज्ञ होते. माणूस हुशार, पण बढाईखोर. बढाई कशाची, तर एका पोलादी नळीची! वीतभर लांब, आत बारीक भुकटी ठासून भरलेली. तिला कॉलम म्हणायचे. साखरेचं पाणी तिच्यातून जोरानं ढकललं, की त्यातल्या निरनिराळ्या साखरा एकीमागून एक बाहेर पडायच्या आणि पडद्यावर प्रत्येकीचा वेगळा डोंगर उमटायचा.

आता अशी नळी काही अमरपट्टा घेऊन येत नाही. आत मळ साचतो, भुकटी खचते, मग दोन साखरा गळ्यात गळे घालून एकदमच बाहेर येतात. म्हणून रीत अशी, की सकाळी आधी ओळखीच्या साखरांचं पाणी सोडायचं. डोंगर वेगळे उमटले तर नळी खरी. नाहीतर धुवायची, आणि धुऊनही सुधारली नाही तर टाकून द्यायची.

रंगरावांनी ही रीत केव्हाच सोडली होती. "रोज परीक्षा घेतली की नळी झिजते," असं त्यांचं म्हणणं. "इतरांच्या नळ्या वर्षात संपतात. माझी बघा, अजून ठणठणीत!" लोकही वाहवा करायचे. अहो, जिला कधी विचारलंच नाही, ती चुकेल तरी कशी?

रंगरावांची लेक कुमुद बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या मुलीला जन्मतःच एक विचित्र आजार. दुधातली साखर तिला विषासारखी, आईचं दूधसुद्धा वर्ज्य. जवळच्या एका कारखान्यात धान्याची भुकटी बनायची, तेवढंच तिचं अन्न. त्या भुकटीत दुधाची साखर नाही ना, हे रंगरावांची प्रयोगशाळाच तपासून सांगायची.

खंडेनवमीच्या सकाळी रंगरावांनी नळीला हळदकुंकू वाहिलं, यंत्राला झेंडूची माळ घातली. तेवढ्यात भुकटीचा नवा नमुना आला.

शेजारच्या मेजावरच्या वैजयंताबाई म्हणाल्या, "रंगराव, आधी ओळखीचं पाणी सोडा."

"पुजलेल्या हत्याराची परीक्षा? अपशकुन कुठला!"

"मग आज चालवूच नका. आज हत्याराला विश्रांती असते."

"घरी डबा संपत आलाय, बाई. लेकराला काय वारा पाजू?"

त्यांनी नमुना सोडला. धान्याच्या साखरेचा एकच डोंगर उमटला. त्याचा पायथा जरा फुगलेला दिसत होता. रंगरावांनी तो पाहिला आणि नजर फिरवली. 'निर्दोष' म्हणून सही ठोकली, आणि संध्याकाळी नव्या भुकटीचा पहिला डबा स्वतःच घरी नेला. "आजोबांनी तपासलंय गं, बिनघोर पाज," असं वर लेकीला सांगितलं.

पोर वांत्या करू लागली. मग अंग पिवळं पडलं, पोट फुगलं. डॉक्टरांनी शर्थ केली, पण लेकरू हाती लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, दुधाची साखर पोटात गेली.

कुमुद रडलीसुद्धा नाही. तिनं एवढंच विचारलं, "बाबा, तुम्ही स्वतः तपासलं होतं ना?"

रंगराव तसेच उठून प्रयोगशाळेत गेले. धान्याची आणि दुधाची साखर पाण्यात कालवून त्यांनी नळीतून सोडली. चहा निवायला लागतो तेवढाच वेळ लागला. डोंगर एकच आला. नळी धुतली, पुन्हा सोडलं, तरी एकच. कारखान्यात आधी दुधाची भुकटी घोटलेल्या भांड्यातच हा माल घोटला होता, आणि ती साखर धान्याच्या डोंगराखाली दडून बसली होती. मोडक्या नळीनं बिचारीनं काही लपवलं नव्हतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

बैल गेला आणि झोपा केला! रंगराव आणि वैजयंताबाई दारोदार फिरून उरलेले डबे परत आणू लागले. दुसऱ्या घरांतले डबे अजून फोडलेच नव्हते, म्हणून तिथल्या लेकरांना काही झालं नाही. शेवटचा डबा रंगरावांच्याच घरात होता. तो मागायला ते दारात उभे राहिले, तेव्हा कुमुदनं तो पाळण्यातून काढून त्यांच्या हातात दिला. पाळण्यात आता दुसरं काही नव्हतं.

तात्पर्य: ज्या हत्यारावर दुसऱ्याचा जीव अवलंबून असतो, त्याची रोज परीक्षा घेणं हीच त्याची पूजा. परीक्षा टाळून मिरवलेल्या भरवशाची किंमत बहुधा निरपराधालाच मोजावी लागते.