आधी पाणी कुणाला?

लहानथोरांनो, ऐका! फार फार वर्षांपूर्वी एका राजानं दवंडी पिटवली, “आम्ही गावोगाव येऊ. ज्या गावात खरं सौजन्य दिसेल, त्या गावाकडे नदीचा पाट वळवू!”

माळावरच्या एका तहानलेल्या गावाचे पाटील ते ऐकून हरखूनच गेले. पाट आला तर रान हिरवं होईल, बायकांची पाण्यासाठीची पायपीट संपेल! पण सौजन्य म्हणजे काय? त्यांनी पुजाऱ्यांना विचारलं.

“गोड बोलावं, आदरानं वागावं, नम्रपणे वाकावं,” पुजारी म्हणाले.

झालं! गावभर तालीम सुरू. ‘यावं महाराज, बसावं महाराज!’ म्हातारेकोतारे वाकून वाकून कण्हायला लागले. विहिरीतलं उरलंसुरलं पाणी घागरींत भरून ठेवलं, महाराजांचे पाय धुवायला.

आणि एका दुपारी ढोल कडाडले. पालखी आली! पाटलांचे पाय जमिनीवर ठरेनात. फुलं उधळली, महाराजांचे पाय धुतले, गोड बोलण्याची तर बरसात झाली. घामानं निथळणारा एक भोई हळूच म्हणाला, “पाटील, घोटभर पाणी मिळंल का जी?”

“गप रे! ते महाराजांचं पाणी आहे,” पाटील खेकसले.

“पुढची वाडी बघून पाटाचं ठरवू,” महाराज म्हणाले. पालखी उचलली आणि तोच भोई चक्कर येऊन कोसळला. आता कुठं बायका त्याला पाणी पाजायला धावल्या. पण पालखीला खांदा कोण देणार?

“मी देतो!” पाटील पुढं सरसावले. केवढा हा मान!

पहिल्याच चढाला मानाची धुंदी उतरली. खांदा सोलवटला, घशाला कोरड पडली, डोळ्यांपुढं काजवे चमकले. वाडी दिसली तेव्हा पाटील कसेबसे पाय ओढत होते.

वाडीतून एक आजी गूळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन लगबगीनं आली. पालखीकडे न बघता तिनं गुळाचा खडा आधी पाटलांच्या हातावर ठेवला. पाटील घटाघटा पाणी प्यायले.

“आजी, मी राजा. मला आधी का नाही?” महाराजांनी विचारलं.

“तुमी बसून आलात, बाबा. ही लेकरं वझं घिऊन चालत आली. थांबा, आता तुमास्नी देते.”

महाराज झटकन पालखीतून उतरले, आजीच्या पाया पडले. “पाट याच वाडीकडे वळेल!”

वाडीत एकच जल्लोष उसळला. पाटील मात्र सोललेला खांदा चोळत, मान खाली घालून उभे राहिले.

तात्पर्य: थोरांपुढे कुणीही वाकतो, पण दमल्याभागल्याची आधी विचारपूस करणं, याचंच नाव सौजन्य.