आकसणारी वीट

कुंभारांच्या भट्ट्या लाकडावर पेटायच्या, तेव्हाची गोष्ट. भिवाजी कुंभाराने नवी भट्टी बांधली. विटांमध्ये फट सोडायची रीत होती, पण घाईघाईत त्याने वीट विटेला खेटून लावली. सगळ्या तांबड्या, मध्ये एकच पांढरी.

भट्टी पेटली तशा तांबड्या विटा फुगल्या आणि एकमेकींना ढकलू लागल्या. "सरक गं, दिसत नाही का मी मोठी झाले ते?"

पांढरी मात्र आकसली.

"भित्री कुठली!" त्या फिदीफिदी हसल्या. "जरा आच लागली की अंग चोरते."

"तापलं की माझ्या आतले कण जागा बदलून दाटीने बसतात," पांढरी म्हणाली. "तेवढीच शेजारणींना जागा होते."

"तुझी भीक कोणाला हवीय?" म्हणत त्या आणखी फुगल्या. पांढरीला खेटून होत्या त्या दोघी वाचल्या, बाकीच्या तडातड फुटल्या.

दुसरी भट्टी बांधताना भिवाजीने दर दोन विटांनंतर एक पांढरी बसवली. जुने तुकडे उकिरड्यावर गेले. तिथे ते येणाऱ्याजाणाऱ्या कोंबड्यांना अजून ऐकवतात, "आम्ही इतक्या मोठ्या झालो होतो, की भट्टीत मावलोच नाही!"