होकाराविना गेलेला शब्द

एका राज्यात, जिथून समुद्र फार दूर होता, कुंभनगरी नावाचे नगर होते. तेथील रीत अशी, की नगरनायकाने सायंकाळी द्वारशिळेवर हात ठेवून घोषणा करावी, जमलेल्यांनी ‘होय’ म्हणावे, आणि मगच तो शब्द नगराचा व्हावा. होकार न मिळालेला शब्द शिळा स्वीकारीत नसे. असा शब्द निराधार होऊन वाऱ्यावर जाई.

त्या वेळी पुरंजय नायक होता. ताम्रद्वीपाच्या मायावी राजाने, काळमुखाने, नीलद्वीपाच्या कोळ्यांची घरे जाळल्याची वार्ता एका वाटसरूने आणली. पुरंजयाचे रक्त तापले. त्याने शिळेवर हात ठेवून गर्जना केली, “कुंभनगरी काळमुखाचा धिक्कार करते!”

“नायका,” म्हातारी विणकरीण म्हाळसा म्हणाली, “तलावाचा बांध पाझरतो आहे, आधी त्याचे बोल. त्या राजाला तुझे नाव तरी ठाऊक आहे का?”

लोक हसले. पुरंजय ओशाळला आणि होकाराची वाट न पाहता घरी निघून गेला.

सकाळी वेशीच्या कमानीवर तांब्याची साळुंकी बसली होती.

“तुझा शब्द पोहोचला,” ती म्हणाली. “माझ्या स्वामींना आता तुझे नाव ठाऊक आहे.”

तिच्या मागोमाग तांबूस धुके आले. ते ज्या घरात शिरे, तेथील वाणी नाहीशी होई. प्रथम म्हाळसा मुकी झाली. मग पाळण्यांतली मुले तोंड उघडून नि:शब्द रडू लागली. पुरंजय उठताच आपल्या कन्येला हाक मारी, “इरावती!” आणि श्वास रोखून उभा राही.

“आहे हो, बाबा,” ती म्हणे. दिवसागणिक तो स्वर क्षीण होत होता.

अखेर त्याने साळुंकीला उपाय विचारला. खोटे बोलण्याची तिला मुभा नव्हती.

“तीन कामे आहेत. आपला बांध बांध. ज्यांच्यासाठी बोललास, त्यांच्यातले एक माणूस डोळ्यांनी पाहा. मग शिळेपाशी ये.”

पुरंजय छातीभर पाण्यात उतरला. मुके लोक त्याच्यासह दगड वाहत होते. ओरडून सावध करायला कोणी नव्हते, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याचा पाय कोठे पडतो हे पाहत होता. बांध उभा राहिला. मग पुरंजय समुद्राकडे गेला. किनाऱ्यावर फुटक्या होडीपाशी नीलद्वीपाची एक स्त्री बसली होती. तिच्या केसांत राख होती.

“मी तुमच्यासाठी बोललो होतो,” तो म्हणाला.

“मग दारही उघडाल?”

हा विचार त्याने केलाच नव्हता. तरी तो तिला घेऊन आला.

सूर्यास्ताला सारे नगर शिळेपाशी जमले. धुके गुडघ्यांपर्यंत चढले होते.

“तिसरे काम,” साळुंकी म्हणाली. “शब्द मागे घे आणि हिला घालवून दे, तुझ्या मुलीचा स्वर परत येईल. नाहीतर नगराचा होकार मिळव. मुक्यांचा होकार कसा मिळतो, तेही पाहू.”

पुरंजयाने कन्येकडे पाहिले. इरावतीने ओठ हलवले. स्वर आला नाही.

तो लोकांकडे वळला. “मी तुम्हांला न विचारता तुमच्या नावाने बोललो. आज विचारतो. हिला ठेवले, तर काळमुखाचा कोप माझ्या एकट्यावर होणार नाही. नको असेल, तर पाठ फिरवा.”

कोणी हलले नाही. धुके कमरेपर्यंत आले. मग म्हाळसा कपाळाला आठ्या घालून पुढे आली. तिने त्या परक्या स्त्रीच्या केसांतली राख बोटांनी झटकली आणि तोच राखेचा हात शिळेवर ठेवला. त्यावर इरावतीने हात ठेवला, मग गवंड्याने, मग कुंभाराने. शिळा तापली आणि तिच्यातून साऱ्या नगराचा स्वर उमटला, “होय!”

साळुंकीचा चुरा झाला. धुके ओसरले. पाळण्यांतून एकच आकांत उठला, आणि तो ऐकून आया रडू लागल्या.

“बाबा,” इरावती म्हणाली.

म्हाळसाने घसा खाकरला. “बांध उत्तरेकडून अजून ओला आहे, नायका. उद्या पाहून ये.”

काळमुख समुद्रापलीकडे अजून आहे, आणि कुंभनगरीचे नाव तो विसरलेला नाही. तेथे आजही दूरच्या दु:खावर बोलले जाते. परंतु बोलणारा शिळेवरचा हात उचलत नाही, आणि लोकांच्या तोंडाकडे पाहत थांबतो.