दोन जॅक आणि म्हेत्रे सरांचा चष्मा

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी धुकं, दहानंतर कोरडं ऊन. वारा नाही.

“…ते सगळं खरं हो उस्ताद, पण दोन टनाचा घेऊ की तीन टनाचा? एवढं एकदाच सांगून टाका!”

दस्तगीर उस्ताद तारेच्या ब्रशनं प्लग घासत होते. त्यांनी प्लगवर फुंकर मारली. उजेडात धरून बघितला. पुन्हा घासायला घेतला.

“चहा घेणार?”

म्हेत्रे सरांनी डोळे मिटून घेतले. हा तिसरा रविवार होता.

विट्याहून मायणीकडे जाताना डाव्या हाताला उस्तादांचं गॅरेज लागतं. पाटी नाही. पन्नास वर्षं गाड्यांखाली घालवून या माणसाची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत, हीच त्यांची पाटी. लोक लांबून गाड्या घेऊन येतात. निशिकांत म्हेत्रे मात्र गाडी दुरुस्त करून घ्यायला आले नव्हते. ते शिकायला आले होते. निदान त्यांचं स्वतःचं म्हणणं तसं होतं.

सर हायस्कुलात भूमिती शिकवत. उत्तराला एकक लिहिलं नाही की अर्धा गुण कापत. दिवाळीनंतर गावातल्या एका गॅरेजवाल्यानं त्यांच्या गाडीचं ऑइल बदलताना खालचा बोल्ट सैल ठेवला, आणि सांगलीपर्यंत रस्ताभर काळी रेघ ओढली गेली. त्या दिवशी सरांनी शपथ घेतली, यापुढे गाडीला दुसऱ्याचा हात लागणार नाही. ऑइल स्वतः बदलायचं. ब्रेक स्वतः बघायचे.

त्यासाठी हवा होता ट्रॉली जॅक. चाकांवर सरकत गाडीखाली जातो, दांडा वरखाली केला की गाडी उचलतो, तो.

सरांनी वही केली. चौदा रकाने पाडले. वजन, कमीत कमी उंची, जास्तीत जास्त उंची, दांड्याची लांबी, चाकांचा व्यास… दोन महिने रकाने भरत होते.

“अहो, जॅक घेताय का जावई शोधताय?” त्यांच्या बायकोनं, मालतीबाईंनी, एकदा विचारलं होतं. सरांनी पुढचा रकाना भरायला घेतला होता. जावई त्यांनी एवढं बघून केला नव्हता.

आता दोन जॅक उरले होते. दुकानदार पोरवाल ओळखीचे. त्यांनी दोन्ही घरी दिले. “वापरून बघा सर. एक ठेवा, एक रविवारी चारच्या आत आणून द्या. मग मी पंधरा दिवस गावाला चाललोय.” दोन्ही जॅक डिकीत होते. ऑइलचा डबा घरी आणलेला होता. संध्याकाळी सर गाडीखाली जाणार होते.

“चहा नको,” सर म्हणाले. “उत्तर द्या.”

“पहिल्या रविवारी मी एक विचारलेलं. त्याचं उत्तर तुम्ही कुठं दिलं?”

“काय विचारलं होतं?”

“तुमच्या पोर्चला उतार किती?”

“अहो, असेल! पाणी जायला असतो तेवढा असेल. त्याचा आणि जॅकचा काय संबंध?”

“चाकं हायत की त्याला.”

…

“माझा नातू तुमच्या वर्गात होता,” उस्ताद म्हणाले. “‘असेल’ला किती गुण देता?”

सरांनी वही काखेत दाबली. कानशिलं तापली होती. हा माणूस एका प्रश्नाला दुसरा प्रश्न जोडतो, आणि आपला प्रश्न तसाच फळ्यावर राहतो.

“गाडीखाली कोण जाणार?” उस्तादांनी विचारलं.

“मीच.”

“दांड्यापाशी कोण?”

“आमची मंडळी. बॅटरी धरायला.”

“त्यांना काय शिकवलंय?”

“बॅटरी धरायला काय शिकवायचं?”

उस्तादांनी प्लग खाली ठेवला. हात फडक्याला पुसले. उठताना गुडघ्यावर हात टेकला.

“काढा. तीन टनाचा आधी.”

सरांना हायसं वाटलं. शेवटी एकदाचं! तीन टनाचा जॅक डिकीतून काढताना त्यांची कंबर चांगलीच धरली. गॅरेजच्या सपाट फरशीवर त्यांनी गाडी लावली. हँडब्रेक ओढला. मागच्या चाकांना विटा लावल्या. जॅक पुढच्या आडव्या दांडीखाली नेमका बसवला. दांडा मारला. गाडी डौलात वर आली.

“छान,” उस्ताद म्हणाले.

सरांनी वहीत वेळ लिहिली.

उस्तादांनी कोपऱ्यातून एक रिकामा ऑइलचा डबा आणला. सरांजवळ आले. डबा त्यांच्या छातीला आडवा लावला, बरगड्यांच्या जाडीशी ताडून बघितला. मग वाकून तो इंजिनखाली ठेवला, बोल्ट असतो बरोबर तिथं.

“चष्मा काढा.”

“काय?”

“चष्मा. ठेवा त्या डब्यावर. आपण पलीकडच्या टपरीवर चहा पिऊन येऊ.”

सरांचा हात चष्म्याकडे गेला आणि तिथंच थांबला.

“कशाला?”

“जॅक चांगलाय ना?”

“उत्तम आहे. तीन टनाचा आहे. माझी गाडी एक टनसुद्धा भरत नाही.”

“मग ठेवा की.”

“नवीन काचा आहेत उस्ताद. पुण्याहून यायला तीन आठवडे लागले. दुसरा जोड नाही माझ्याकडे.”

“बरं.” उस्तादांनी मान डोलावली. “हा नको तर हा नको. दुसरा लावा.”

सरांनी गाडी उतरवली. दोन टनाचा आणला. हा एका हातात आला. पुन्हा विटा बघितल्या, पुन्हा दांडा मारला. गाडी पुन्हा वर आली. उस्तादांनी मधे बाजूला घेतलेला डबा पुन्हा तिथंच ठेवला.

“ठेवा.”

…

“ठेवा की सर.”

“अहो, काय चाललंय काय!” सरांचा आवाज चढला. टपरीवरची दोन माणसं वळून बघायला लागली. “तीन रविवार मी पेट्रोल जाळून येतोय. पहिल्या रविवारी तुम्ही उताराचं विचारून जेवायला गेलात. दुसऱ्या रविवारी मला नुसतं बसवून ठेवलंत. आज चष्मा! मी जॅकचं विचारतोय, चष्म्याचं नाही!”

“मी पण जॅकचंच विचारतोय.”

“मग उत्तर देत का नाही?”

“तुम्ही देताय की. दोनदा दिलं.”

सरांनी घड्याळ बघितलं. तीन वाजून पाच मिनिटं. या हट्टी म्हाताऱ्याला काहीतरी ठेवल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. त्यांनी काखेतली वही काढली.

“ही घ्या. ही ठेवतो. झालं समाधान?”

“दोन महिन्यांची मेहनत हाय तुमची.”

“असू दे. झेरॉक्स आहे घरी.”

सर गुडघ्यावर बसले, हात लांब करून वही डब्यावर ठेवली आणि झटकन हात मागे घेतला.

उस्ताद खाली वाकले. त्यांनी लांबूनच, एका सळईनं वही बाहेर ओढली. धूळ झटकली. सरांच्या हातात दिली.

“आणि तुमची?”

“माझी काय?”

“झेरॉक्स.”

…

रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला. त्याच्यामागून दोन्ही ट्रॉल्या खडखडत गेल्या.

सर वही धरून तसेच उभे राहिले. मग त्यांची नजर शेजारच्या गाडीकडे गेली. ती सकाळपासून तिथं उचललेलीच होती. उस्ताद दोनदा तिच्याखाली जाऊन आले होते. तिच्याखाली जॅक नव्हता. जॅक भिंतीला टेकून, दांडा काढून ठेवलेला होता. गाडी चार लोखंडी तिवयांवर उभी होती.

सर तिच्यापाशी गेले. दारावर हात ठेवून हलवून बघितलं. मग दोन्ही हातांनी. मग खांदा लावून.

गाडी जागची हलली नाही.

ते आपल्या गाडीपाशी परत आले. तिच्या दारावर नुसता तळवा ठेवून थोडं रेटलं. जॅकची चाकं कुरकुरली. वर गाडी झुलली. इंजिनाचा धक्का लागून डबा आडवा झाला.

सर दोन पावलं मागे सरले.

“त्या तिवयांना काय म्हणतात?” त्यांनी विचारलं.

“घोडी.”

सरांनी वही उघडली. पेन काढलं.

“किती टनाची?”

“या अल्ला…” उस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला. आज पहिल्यांदाच त्यांचा आवाज वाढला. “सर, तुम्ही पोरांना कसं शिकवता ओ? पोरं पळून कशी जात नाहीत?”

“दार बंद ठेवतो,” सर म्हणाले. आणि पेन खिशात ठेवलं.

मग त्यांनी सावकाश जॅक उतरवला. चाकं जमिनीला टेकेपर्यंत दांड्यावरचा हात काढला नाही. आडवा डबा ओढून घेतला, पुसला आणि कोपऱ्यात नेऊन ठेवला.

“सव्वातीन होत आले, उस्ताद. एक परत करायचाय.” आता त्यांचा आवाज खाली आला होता. “कुठला करू?”

उस्ताद पुन्हा स्टुलावर बसले. प्लग उचलला.

“डिकीतून काढताना ज्यानं कंबर धरली, तो.”

पावणेचारला तीन टनाचा जॅक पोरवालांच्या दुकानात परत गेला. दोन टनाचा सरांकडे राहिला. त्याच्याबरोबर दोन घोड्या आल्या. त्या संध्याकाळी गाडीखाली कोणी गेलं नाही. पोर्चचा उतार अजून मोजायचा होता.