गाठींचं फडकं

फार फार पूर्वी, डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात मूल बोलायला लागलं की त्याच्या कमरेला पांढरं फडकं बांधत. मुलानं "का?" असं विचारलं, तर आईनं उत्तर द्यायचं नाही. फडक्याला एक गाठ मारायची आणि म्हणायचं, "ठेव जपून. जाणते सांगतील."

जाणते म्हणजे गावातले सर्वांत म्हातारे आजोबा. ते पिंपळाच्या पारावर बसत. मूल सात वर्षांचं झालं की फडकं घेऊन त्यांच्यापुढे उभं राही आणि मग त्याला पाठशाळेत घेत. ज्याच्या फडक्याला गाठ नाही, ते मूल मठ्ठ. त्याला पाठशाळेचं दार कायमचं बंद.

त्या गावात परगावाहून एक सून आली. तिला मुलगी झाली. मुलगी बोलू लागली आणि थांबेचना.

"आई, भाकरी का फुगते?"

"आत वाफ कोंडते म्हणून. हे बघ." आईनं चिमट्यानं भाकरीला भोक पाडलं. वाफ फुस्सकन बाहेर आली. मुलगी खिदळली.

सासू उंबऱ्यातून ओरडली, "अगं, गाठ मार, गाठ! पोरीशी कसलं तोंड चालवतेस? उद्या पाठशाळेचं दार बंद झालं म्हणजे रडत बसशील!"

"आत्याबाई, भाकरी आत्ता फुगलीय," सून म्हणाली. "पोर सात वर्षांची होईपर्यंत ती तव्यावर तशीच थांबेल का?"

सासूला राग आला. ती पाय आपटत आत गेली.

सगळं आईला तरी कुठं ठाऊक होतं? मुलीनं विचारलं, "मुंग्या एका ओळीत का जातात?" आई म्हणाली, "मला नाही माहीत. चल, बघू." दोघी अंगणात पालथ्या पडल्या. मुलीनं ओळीच्या मधोमध बोटानं जमीन पुसली. मुंग्या तिथंच गोंधळल्या, इकडे तिकडे फिरू लागल्या. "आई, त्यांची वाट मी पुसली!" मुलगी ओरडली. वरण करपलं, त्याची बोलणी आईनं खाल्ली. पण फडक्याला गाठ मारली नाही.

मुलगी सात वर्षांची झाली. पारावर सगळा गाव जमला. आधी शेजारणीचा मुलगा पुढे आला. त्याचं फडकं गाठींनी दगडासारखं झालं होतं. जाणत्यांनी एका गाठीवर बोट ठेवलं. "ही कशाची?"

"आठवत नाही."

"आणि ही?"

"आठवत नाही."

"शाब्बास!" जाणते म्हणाले. "प्रश्न मुरले. पोर शहाणं झालं. घ्या पाठशाळेत."

मग मुलीची पाळी आली. तिचं फडकं सपाट होतं. गावात कुजबुज झाली. जाणते गरजले, "एकही प्रश्न नाही? ही तर मठ्ठ आहे!"

"आहे की प्रश्न," मुलगी म्हणाली. "आजोबा, आत्ता वारा नाही. समोरच्या आंब्याचं पान हलत नाही. मग तुमच्या पिंपळाचं का हलतंय?"

जाणत्यांनी वर पाहिलं. जन्म त्यांनी त्याच झाडाखाली काढला होता. मग सवयीनं म्हणाले, "गाठ मार."

मुलीनं फडकं सोडलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. "मी कशाला? उत्तर तुम्हाला येत नाही. गाठ तुम्ही मारा, आजोबा."

बायका पदराआड हसल्या. जाणते लालबुंद झाले. "दार बंद! हिला पाठशाळेचं दार बंद!"

"बंद तर बंद," आईनं मुलीचं बोट धरलं. "आमचं उघडं आहे."

तेव्हा शेजारीण आपल्या मुलापुढे गुडघे टेकून बसली आणि एक गाठ सोडू लागली. "काय रे विचारलं होतंस मला? सांग ना, आता उत्तर देते." "आठवत नाही," मुलगा म्हणाला. गाठ सुटली, आत काहीच नव्हतं. ती तिथंच रडली.

दुसऱ्या दिवसापासून गावातल्या बायकांनी त्या फडक्यांनी चुलीवरची तापलेली भांडी उतरवायला सुरुवात केली. मुलं स्वयंपाकघरात, गोठ्यात, विहिरीवर विचारू लागली आणि आया सांगू लागल्या. येत नसेल तिथं म्हणू लागल्या, "चल, बघू." पुढे पाठशाळेत मुलं आली ती गाठी न घेता, हात वर करून. दार बंद ठेवायचं तर कुणाकुणासाठी?

पारावर मात्र गर्दी उरली नाही. म्हणतात, एका दुपारी कुणी बघत नाही असं पाहून जाणत्यांनी पिंपळाचं एक पान तोडलं आणि त्याचा लांब, बारीक देठ बोटांत धरून हलवून पाहिला. एवढ्याशानंही पान थरथरलं.

तात्पर्य: मुलाचा प्रश्न ताजा असतानाच त्याचं बोट धरा, थोरामोठ्यांच्या मानासाठी तो शिळा होऊ देऊ नका.