उद्याचा डबा

आमच्या बँकेच्या बार्शीच्या शाखेत खर्डेकर साहेबांनी आवाज चढवला की माझ्या हातातलं पेन पडायचं. त्या दिवशीही पडलं. त्यांच्यासमोर डबे पुरवणाऱ्या सगुणाबाई बसल्या होत्या. घरमालकाने खोली सोडायला सांगितलेली. घरासाठी कर्ज मिळालं नाही, तर चूल मांडायलाही जागा उरणार नव्हती.

“पगाराची स्लिप नाही. तुमचा धंदा उद्या चालू असेल, याची खात्री काय?” म्हणत साहेबांनी अर्ज बाजूला सारला.

सगुणाबाई उठल्या. दारात जाऊन वळल्या. “बरं साहेब, उद्या तुमच्या डब्यात काय देऊ?”

“उद्या चतुर्थी. साबुदाण्याची खिचडी द्या, कूट जरा सढळ हाताने घाला,” साहेब सवयीने बोलून गेले.

सगुणाबाई परत येऊन खुर्चीत बसल्या. “म्हणजे खात्री तर तुम्हालाच आहे, साहेब. जेवायला चालते ती कर्जाला का चालत नाही?”

सगळी शाखा हसली. मीही, साहेबांच्या देखत.

साहेबांनी अर्ज पुन्हा पुढे ओढला. “धंद्याची पाहणी करायला उद्या माणूस पाठवतो.”

“पाठवा की. त्याला उपास आहे का, तेवढं सांगा.”

सगुणाबाईंच्या वास्तुशांतीला पहिल्या पंगतीत खर्डेकर साहेब होते.